गिरणी चालू आहे

भाऊजींच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवला आणि मला ऐकू आलं नाही. ठोके होते, पण लांबचे, शेजारच्या घरात कुणी जिना उतरत असावं तसे. त्या दोन ठोक्यांच्या मधली घरघर, जी मी इतकी वर्षं दर खेपेला ऐकत आले, जिच्यासाठी मला कधी डोळेसुद्धा मिटावे लागले नव्हते, ती नव्हती. मी चकती जरा वर सरकवली, मग गळ्याच्या हाडाखाली, मग मानेपाशी. वहिनींनी सिंकमधला नळ सोडला होता, डिशवॉशर गुरगुरत होता, बाहेरच्या खोलीत माझा नवरा प्रसाद बास्केटबॉलची मॅच लावून बसला होता. भाऊजी स्टुलावर बसून, स्वेटशर्ट हनुवटीपर्यंत वर धरून माझ्याकडे बघत होते. “काय डॉक्टरीणबाई, गिरणी चालू आहे ना?” त्यांनी विचारलं. आणि नळ्या अजून कानांत असतानाच मी म्हणाले, “चालू आहे की.” त्यांनी स्वेटशर्ट खाली सोडला. वहिनी म्हणाल्या, “चला, आता थालीपीठ गरम आहे तोवर बसा.” मी दोन थालीपिठं खाल्ली, लोण्याशी, आणि त्यांची चव लागली असेल तर शपथ.

भाऊजी म्हणजे श्रीराम, प्रसादचे थोरले भाऊ. ट्रॉय या इथल्या गावात आमच्या दोन घरांत लाँग लेक रोडवरचे चारदोन सिग्नल सोडले तर काही अंतर नाही. महिन्यातला एक रविवार सकाळचं खाणं त्यांच्याकडे, आणि खाण्याच्या आधी हा कार्यक्रम. त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद आहे. बागेतल्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जसं फुसफुसत बाहेर येतं, तसं रक्त त्या फटीतून आवाज करत जातं. पहिल्यांदा मला तो आवाज सापडला तेव्हा मी नळ्या काढून त्यांच्याच कानांत घातल्या, म्हटलं ऐका तुमचं तुम्हीच. त्यांनी बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, “अगं, ही तर आमच्या सांगलीच्या गल्लीतली पिठाची गिरणी.” तेव्हापासून गिरणी. मी म्हणणार चालू आहे, ते म्हणणार मग दळण टाका, आणि वहिनी तव्यावर पहिलं काहीतरी टाकणार. माणसं अशा गोष्टींचासुद्धा सण करतात. दिवाळीला मित्रमंडळी जमली की भाऊजी सगळ्यांना सांगत, माझी डॉक्टर घरची आहे, माझा एको ती कानानं काढते. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

यंदा मधे खंड पडला होता. थँक्सगिव्हिंगला ऐकलं होतं, मग ते दोघं डिसेंबरात भारतात गेले, सांगलीला पुतण्याचं लग्न, मग गोवा, मग कुणाकुणाच्या वास्तुशांती, आणि फेब्रुवारीच्या शेवटी परत. जायच्या आधी हॉस्पिटलात एको करायचा ठरला होता, रीतसर, यंत्रावरचा, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तो भाऊजींनी कॅन्सल केला. “आल्यावर करू ना, गिरणी चालू आहे तर घाई कशाला?” आणि मी म्हटलं, बरं. केया, आमची मुलगी, शिकागोला डॉक्टरकीची रेसिडेन्सी करते, ती थँक्सगिव्हिंगला घरी आली होती. तिच्या खिशात फोनला जोडायचं एक छोटं यंत्र असतं, तिनं ते काकाच्या छातीवर धरलं आणि फोनकडे बघत म्हणाली, “काका, यू नीड अ रिअल एको, व्हेरी सून.” मला राग आला. म्हटलं, “अगं, मला ऐकू येतंय ना, ते काय खोटं?” ती म्हणाली, “आई, आय डिडन्ट से दॅट.” भाऊजी माझ्याकडे बघून हसले, आणि मी जिंकले.

आणि आता हे. थालीपिठाचा घास तोंडात फिरत होता आणि डोक्यात गुरुवार फिरत होता. गुरुवारी मी माझे कान तपासून घ्यायला गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, प्रसादला तर नाहीच. गेलं वर्षभर मी त्याला म्हणत होते की तू पुटपुटतोस, आणि तो म्हणत होता की तू टीव्ही फार मोठा लावतेस. शेवटी गेले. तिथल्या त्या पोरीनं मला एका लहानशा बंद खोलीत बसवलं, कानांवर जाड हेडफोन, हातात बटण, आणि म्हणाली, बीप ऐकू आलं की दाबा, कितीही बारीक असलं तरी. मी आयुष्यभर हेच केलं की गं बाई, मनात म्हटलं. सुरुवातीला छान चाललं होतं. मग एकदम शांतता. काचेतून ती मला दिसत होती, तिचा हात हलत होता, म्हणजे ती बीप पाठवत होती आणि मी मख्खासारखी बसले होते. तशी लाज मला परीक्षेत कधी वाटली नव्हती. बाहेर आल्यावर ती गोड हसून म्हणाली, “बर्ड्स, डॉक्टर. यू आर गोइंग टू मिस द बर्ड्स. अँड लिटल किड्स.” पुढे ती बरंच बोलली, पण मी ‘मिस’ या शब्दावरच अडकले होते. गाडीत येऊन बसले आणि पार्किंगमध्येच काही वेळ तशीच बसून राहिले.

म्हणून सकाळी आवाज आला नाही तेव्हा मला कोडं पडलंच नाही. उत्तर हातात तयार होतं. गिरणी कशाला बंद पडेल? झडप काय आपोआप बरी होते? गिरणी चालूच आहे, माझे कान गेलेत. आणि हे मी त्या स्वयंपाकघरात, वहिनींच्या समोर, ‘घरची डॉक्टर’ असताना सांगणार होते? मेले तरी नाही.

घरी परतताना प्रसाद गाडी चालवत होता. मार्चमध्ये आमच्याकडचे रस्ते म्हणजे दैना असते, बर्फ वितळून जागोजागी खड्डे. प्रसाद खड्डे चुकवत काहीतरी बोलला. “काय?” “काही नाही.” “बोललास ना आत्ता?” “दादा थकल्यासारखा वाटला, असं म्हटलं.” “मग नीट म्हण ना, पुटपुटतोस कशाला?”  पुढचा खड्डा चुकवून तो म्हणाला, “तुझं काय बिनसलंय सकाळपासून?”  मला सगळ्यांचाच वैताग आला होता. गुरुवारच्या त्या पोरीचा, केयाच्या यंत्राचा, प्रसादच्या शांतपणाचा, भाऊजींच्या त्या विश्वासाचा तर सगळ्यात जास्त. कुणी सांगितलं होतं एवढा विश्वास ठेवायला? “भाऊजींना जेटलॅग असेल,” मी म्हणाले. “वहिनी म्हणाल्या ना, अजून उतरला नाही.” प्रसाद म्हणाला, “येऊन तिसरा आठवडा लागला यार, कसला जेटलॅग?” मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

माझं क्लिनिक मी दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉस्पिटल ग्रुपला देऊन टाकलं. आता मी तिथे नोकरी करते. पेशंट आत येतो, मी स्क्रीनकडे बघते, तो माझ्या कानाकडे बघत बोलतो. तपासणीच्या रकान्यात मजकूर आधीच भरलेला असतो: हृदय नियमित, कसलाही वेगळा आवाज नाही. कुणी ऐको न ऐको, ते तिथे असतंच. तुम्हाला वेगळं काही सापडलं तर तुम्ही ते पुसून लिहायचं. मी मीटिंगमध्ये भांडले यावरून. म्हटलं, न ऐकता ऐकलं म्हणता तुम्ही, याला आमच्याकडे काय म्हणतात माहीत आहे का? नवीन आलेला एक मुलगा मला म्हणाला की आता स्टेथोस्कोप म्हणजे नेकलेस झालाय. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला मंगळसूत्र म्हणतात. कुणाला कळलं नाही. मीच एकटी हसले आणि घरी येऊन प्रसादला सांगितलं, तो हसला.

आणि सकाळी मी काय केलं? रकान्यातला मजकूर म्हणून दाखवला. चालू आहे की.

घरी आल्यावर प्रसाद सोफ्यावर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. मी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. आमचा फ्रिज जुना आहे, त्याची घुमघुम मला ऐकू येत होती. घर तापवायची तळघरातली भट्टी सुरू झाली, तिचाही आवाज आला, आधी धप्प आणि मग वाऱ्याचा. प्रसादचा श्वास पलीकडच्या खोलीतून येत होता. मागच्या अंगणातल्या फीडरवर दोन चिमुकले पक्षी भांडत होते, चोची उघडत होत्या, बंद होत होत्या, आणि त्यांचा आवाज मात्र कुणीतरी बंद करून टाकल्यासारखा होता. मी दार उघडलं, थंडी आत आली, तरी नाही. म्हणजे ती पोरगी खरं बोलत होती. मला रडू आलं. बासष्टाव्या वर्षी पक्ष्यांसाठी रडायचं म्हणजे काय, पण आलं.

मिरजेला आम्ही शिकत होतो तेव्हा वॉर्डात एक म्हातारे सर होते. ते आम्हाला स्टेथोस्कोप लावूच द्यायचे नाहीत आधी. आधी हात एकमेकांवर चोळून गरम करा, मग नाडी, मग मान बघा, पाय बघा, माणूस उशाला किती उशा घेतो ते विचारा, आणि सगळ्यात शेवटी कान. आम्हाला घाई असायची. गळ्यात नवीन स्टेथोस्कोप, तो लावायचा नाही म्हणजे काय? इला म्हणून माझी मैत्रीण होती, ती एकदा थेट छातीलाच लावायला गेली तर सरांनी तिच्या कानांतल्या नळ्या काढल्या आणि विचारलं, “बाळ, तू पेशंटकडे आलीस की रेडिओकडे?” सगळा वॉर्ड हसला होता, पेशंटसकट. मी मनाशी ठरवलं होतं की आपल्याला असं कुणी बोलता कामा नये. आणि मी खरंच चांगली होते. परीक्षेला मला जो पेशंट दिला होता त्याचा आवाज इतका बारीक होता की बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही तो दुसऱ्यांदा ऐकावा लागला. तो मी पहिल्यांदा ऐकला. घरी पत्र लिहिलं होतं तेव्हा. या कानांवर मी इथवर आले, या देशात आले, नोकरी केली, नाव मिळवलं. आता त्यांना पक्षी ऐकू येत नव्हते.

मी पर्समधून स्टेथोस्कोप काढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. असं मी कधी करत नाही. लब-डब, स्वच्छ. श्वास आत घेतला तर दुसरा ठोका किंचित फुटून दोन झाला, जसा व्हायला हवा तसा. ते फुटणं इतकं बारीक असतं की विद्यार्थ्यांना ते ऐकायला महिने लागतात. मला आलं. मग बाहेर जाऊन झोपलेल्या प्रसादच्या शर्टावरून ठेवला. तो “काय गं?” म्हणाला, डोळे न उघडता. “झोप तू.” स्वच्छ. शर्टावरून, जुन्या फ्रिजच्या घुमघुमीत, स्वच्छ.

आणि मग गुरुवारचं ते पुढचं बोलणं, जे मी ऐकलंच नव्हतं असं मला वाटत होतं, ते आठवलं. ऐकलं होतं मी. ती म्हणाली होती, तुमचे खालच्या पट्टीतले सगळे आवाज अगदी तरुण मुलीसारखे आहेत, डॉक्टर, यू हॅव नथिंग टू वरी अबाउट देअर. पक्षी वर असतात, पोरांची किलबिल वर असते. गिरणी कधी वर होती? गिरणी तर जाड, खरखरीत, खालच्या पट्टीतली. ती मला ऐकू यायलाच हवी होती. माझे कान गेलेत हे खरं, पण ते सकाळच्या त्या स्टुलापर्यंत गेलेलेच नव्हते.

मग गिरणी कुठे गेली?

भाऊजी गाड्यांच्या कंपनीत होते, निवृत्त होईपर्यंत. त्यांचं कामच मुळी आवाज शोधायचं. नवी गाडी बाजारात यायच्या आधी कुठे काय खडखडतं, कुठे कुरकुरतं, ते हुडकून काढायचं. त्यांच्याकडेही एक स्टेथोस्कोप असायचा, पुढे चकतीऐवजी लोखंडी सळई असलेला, तो इंजिनाला टेकवून ते ऐकायचे. त्यांची एक गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. एका गाडीच्या मागच्या बाजूला टक-टक व्हायची, सापडत नव्हती, आठवडाभर सगळे मागे लागले होते. एके सकाळी टक-टक गेली. सगळे खूश. गाडी ट्रॅकवर न्यायला निघाले तर भाऊजी बोनेटसमोर जाऊन उभे राहिले, म्हणाले, न्यायची नाही. वर उचलून बघितली तर एक बोल्ट गळून पडलेला आणि मागचं सगळं ओझं उरलेल्या एकावर. “आवाज आपण थांबवला तर बरं झालं समजायचं,” भाऊजी दर वेळी सांगतात, “आपोआप थांबला तर समजायचं, जे वाजत होतं तेच गेलं.” मी ही गोष्ट इतकी वेळा ऐकलीय की ते सुरू झाले की मी वाढायला उठते.

मी फ्रिजला टेकून उभी राहिले. हे मला मिरजेच्या सरांनीही सांगितलं होतं, पुस्तकातही होतं, मी स्वतः पोरांना शिकवलंही होतं. नळीच्या तोंडावर अंगठा तसाच दाबलेला आहे, पण मागचा नळच मंदावला तर पाणी फुसफुसणार कशानं? अशा पेशंटचा आवाज कमी होतो तेव्हा झडप सुधारलेली नसते, हृदय थकलेलं असतं. रेटा संपत आलेला असतो. मग एकेक गोष्ट येऊन उभी राहायला लागली, सकाळी डोळ्यांसमोर असलेली. भाऊजींच्या पायांत लेस नसलेल्या सपाता. वहिनी म्हणाल्या होत्या, विमानात पाय सुजले ते अजून ओसरले नाहीत. तळघरातून खुर्ची वर आणताना ते जिन्यात मधेच थांबले होते आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले होते, जसा काही तो फोटो त्यांनी कधी बघितलाच नव्हता. भारतातली धूळ. भारतातलं खाणं. जेटलॅग. आम्ही तिकडून आलेल्या माणसाच्या प्रत्येक दुखण्याला हीच तीन औषधं देतो. मी डॉक्टर, मीही तीच दिली.

मी किल्ली घेतली. प्रसादला हाक मारली नाही, समजावत बसायला वेळ नव्हता, आणि खरं म्हणजे तोंडही नव्हतं. 

वहिनींनी दार उघडलं. “काय गं, काही राहिलं का?” “भाऊजी कुठे आहेत?” “हे काय, पडलेत रिक्लायनरवर. अलीकडे रात्रीही तिथेच झोपतात. आडवं झालं की झोपच लागत नाही म्हणतात. जेटलॅग गं, दुसरं काय.” माणूस उशाला किती उशा घेतो ते आधी विचारा. मी बूट न काढता आत गेले. त्या घरात मी कधी बूट घालून आत गेले नव्हते.

भाऊजी जागेच होते. मला बघून उठायला लागले, मी म्हटलं, उठू नका. हात चोळून गरम केले. मनगट धरलं. नाडी यायची, पण उशिरा, आणि चढता चढता दमल्यासारखी. मानेची शीर फुगलेली होती, कानाच्या पाळीपर्यंत. पायाच्या नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडला तो तसाच राहिला. “अगं, हे काय चाललंय?” वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, “वहिनी, नळ बंद करा. टीव्ही बंद करा. डिशवॉशरही.” त्यांनी सगळं बंद केलं आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मग सगळ्यात शेवटी मी स्टेथोस्कोप लावला. डोळे मिटले. होती. गिरणी होती, खूप लांब, गावाबाहेर गेल्यासारखी, आणि ठोका संपता संपता कशीबशी येणारी. मग पाठीला लावला, खाली, तर श्वासाबरोबर तो आवाज, कानाशी बोटांत केस चोळल्यासारखा. फुप्फुसात पाणी. तो आवाज मला इतका स्पष्ट आला की मला माझ्याच कानांचा राग आला. सकाळी मी पाठीला लावलाच नव्हता.

“काय डॉक्टरीणबाई,” भाऊजी म्हणाले, “गिरणी चालू आहे ना?”

मी नळ्या काढल्या. स्टेथोस्कोप गळ्यात टाकला. “नाही, भाऊजी,” मी म्हणाले. “बंद पडत आलीय. आत्ता निघायचं आपल्याला, इमर्जन्सीत.”

 वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “सकाळी तर म्हणालीस...” “सकाळी मी खोटं बोलले.” ते तोंडातून बाहेर पडल्यावर मला थोडं हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. भाऊजी म्हणाले, “मला माहीत होतं.” “काय माहीत होतं?” “तू नेहमी आधी नळ्या काढतेस, गळ्यात टाकतेस, आणि मग बोलतेस. सकाळी कानांत असतानाच बोललीस. आवाजही वेगळा होता तुझा.” “मग तेव्हाच का नाही विचारलंत?” ते सपातांकडे बघत राहिले. दोन वाक्यांच्या मधे त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागत होतं, आणि हेही मला सकाळी दिसलं नव्हतं. “मला वाटलं, तुझे कान गेले. प्रसाद म्हणत होता, टीव्ही मोठा लावतेस, चिडतेस. म्हटलं, एवढी तिची विद्या... सगळ्यांसमोर कशाला दुखवायचं तिला. मग कधीतरी निवांत बोलू.”

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. माझ्या कानांची कसली भीड? जीव तुमचा जातोय आणि तुम्ही माझं मन सांभाळत बसला होतात?” भाऊजी शांतपणे म्हणाले, “आणि तू?”  मीही माझंच सांभाळत बसले होते. दोन शहाणी माणसं, एक गाड्या ऐकणारा आणि एक माणसं ऐकणारी, एकमेकांना न दुखवता थालीपीठ खात बसली होती.

“कान गेलेतच माझे,” मी म्हणाले. “गुरुवारी तपासले. पक्षी ऐकू येत नाहीत आता. पण तुम्ही येता ऐकू. चला, कोट घाला.”

नेहमीची टाळाटाळ झाली. उद्या सकाळी गेलं तर? आज रविवार आहे, तिथे ताटकळत बसवतात. मी म्हटलं, ताटकळू. ॲम्ब्युलन्स बोलावते म्हटल्यावर ते एकदम उभे राहिले, गल्लीतले लोक काय म्हणतील. “मग माझ्या गाडीत बसा गपचूप.” वहिनींनी कुठूनतरी स्टीलचा डबा काढला आणि उरलेली थालीपिठं त्यात भरायला लागल्या. त्यांचे हात नुसते चालत होते, चेहरा पांढराफटक पडला होता. मी केयाला फोन लावला, स्पीकरवर, कोटाची चेन लावता लावता. सगळं सांगितलं. नाडी, पाय, पाठ. ती म्हणाली, “आई, गो नाऊ. मी तिथल्या कार्डिऑलॉजीला कॉल करते.” मग जरा थांबून म्हणाली, “गुड कॅच, आई.” मी म्हटलं, “नाही गं. सकाळीच सापडायला हवं होतं.” आणि फोन ठेवला.

भाऊजी पुढे बसले, माझ्या शेजारी, सीट सरळ करून, आडवं होता येत नव्हतं म्हणून. वहिनी मागे, मांडीवर डबा. लाँग लेक रोडवर मी प्रत्येक खड्डा चुकवत होते, आणि जो चुकला नाही त्यात गाडी अशी काही आपटायची की मी शेजारी बघायची. दुपारचं ऊन होतं, कडेच्या काळ्या बर्फाचं पाणी होऊन रस्त्यावर वाहत होतं.   मी रेडिओकडे हात नेला आणि मागे घेतला.

“आसावरी,” भाऊजी म्हणाले.

“काय?”

“तुझ्या पुढच्या चाकाचं... डाव्या... बेअरिंग वाजतंय. ऐकू येतंय का?”

मी कान दिला. खालून, टायरांच्या आवाजाच्याही खालून, एक जाड घुमघुम येत होती. मला वाटतं ती महिनाभर येत असावी.

“येतंय,” मी म्हणाले.

“दाखवून घे.”

“घेते. वाजतंय तोवर चालेल. तुम्ही बोलत राहा, भाऊजी.”

“काय बोलू?”

“काहीही. ती टक-टकची गोष्ट सांगा.”

“ती तुला पाठ आहे.”

“असू दे. सांगा.”

ते सांगायला लागले, दर दोनचार शब्दांमागे श्वासासाठी थांबत, आणि मी पुढचा सिग्नल हिरवा आहे की नाही ते बघत, त्यांचा एकही शब्द न गाळता ऐकत राहिले.